एका बोटाची परीक्षा

"पास! अख्खा वर्ग पास!" आमचे हेडमास्तर पुलाखालून ओरडत होते. वरून सागवानाने भरलेली बैलगाडी नुकतीच गेली होती आणि हे खाली उताणे पडलेले. चांदा जिल्ह्यात बांधकामाचे ओव्हरसियर घडवणाऱ्या त्या वर्गात मी नकाशे शिकवायचो, पण असा परीक्षक तिथल्या वाघांनीसुद्धा पाहिला नसेल. कागदावरच्या मार्कांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पोरांनी पूल बांधला की ते त्याखाली निजत, रहाट बसवला की त्याला स्वतः लोंबकळत. देह असा, की ते बसले की पोंभुर्ण्याची मोटार एका अंगावर चालायची.

त्या वर्षी तळ्याकाठी तंबू ठोकून पोरांनी पाणी सोडायचं लोखंडी दार बसवलं. वर्ग ठेवायचा की मोडायचा, हे ठरवायला नागपूरहून साहेब आले. हेडमास्तरांनी दार एका बोटाने वर केलं. पाणी धो धो सुटलं, साहेबांनी खुशीत सहीसाठी पेन काढलं. तिथेच थांबावं की नाही? पण यांना लहर आली. दार खाली सोडून ते काठावर जाळं वाळवणाऱ्या बाईला म्हणाले, "आता तुमी उघडा, बाई."

तळ्याखालच्या शेतातली धानाची बांधी तिची, पाणी सोडायचं कामही तिचंच. तिने जोर लावला. मग पाय रोवून लावला. दार ढिम्म. आम्ही सगळे तळ्यातल्या कमळांकडे पाहू लागलो, जणू परीक्षा त्यांचीच होती.

असू द्या, पाणी तर सुटतंय, असं साहेब म्हणाले. हेडमास्तरांनी मान हलवली. "नापास, साहेब. पोट्टे नाई, मी."

आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. आजवरचा प्रत्येक पूल, प्रत्येक रहाट त्यांनी आपल्याच देहावर तपासला होता. ज्यांनी वापरायचा, त्यांचा हात कधी लावूनच पाहिला नव्हता. तो डोंगराएवढा माणूस शरमेने एवढासा झाला. परीक्षकच नापास म्हणतोय म्हटल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि वर्ग मोडल्याचं तोंडीच सांगून टाकलं. उद्या तंबू उठणार होते.

साहेबांची जीप गेल्यावर हेडमास्तर त्या बाईपुढे जाऊन उभे राहिले. वर बघवत नव्हतं त्यांना. "पाणी पायजे तवा मले सांगा, बाई. मी येऊन उघडून देत जाईन." आणि ते मनापासून म्हणत होते हो.

ती जाळं गुंडाळत होती. म्हणाली, "तुमी तं उद्या जाऊन राह्यले, भाऊ."