अर्धे इन्सुलिन

नोकरी सुटली तरी काही प्रकरणे माणसाला सोडत नाहीत. हे त्यांतलेच एक. तेव्हा मी कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये पोलिसांच्या फसवणूक विभागात होतो. नावे मी कुणाचीच सांगणार नाही. प्रकरणातले दोघेही अजून याच गावात राहतात.

खबर एका फार्मसीतून आली. वृद्धांसाठीच्या सवलत योजनेवर एक निवृत्त प्राध्यापक इन्सुलिनची इंजेक्शन-पेने नेत होते. त्यांचा डोस सारखा वाढत होता आणि औषध मुदतीआधीच संपत होते. त्यातच फार्मसीतल्या एका मुलीने त्यांना फेरीबोटीच्या धक्क्यावर औषधाची पिशवी एका तरुणीच्या हातात देताना पाहिले. सवलतीचे औषध दुसऱ्याला देणे हा गुन्हा. विकणे त्याहून मोठा. योजनेच्या कार्यालयाने दंडाची नोटीस तयार ठेवून कागद आमच्याकडे पाठवले.

मी आणि माझा गोरा जोडीदार साध्या कपड्यांत धक्क्यावर जाऊन बसलो. प्राध्यापक आले. उंच, किडकिडीत, डोक्यावर लोकरी टोपी. तरुणी आली. त्यांनी पिशवी दिली, तिने त्यांना एक स्टीलचा डबा दिला आणि ती फेरीत चढली.

"पैसे त्या डब्यात आहेत," जोडीदार पुटपुटला.

फेरी सुटली होती. आम्ही प्राध्यापकांना थांबवले, वकिलाशी बोलण्याचा हक्क समजावून सांगितला आणि ठाण्यावर आणले.

चौकशीच्या खोलीत डबा उघडला. आत तांदळाची भाकरी, मेथीची भाजी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी मूळचा वसईचा. त्या वासाची मला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. जोडीदाराने मात्र खुर्ची मागे सरकवली.

"सर, बोलणं रेकॉर्ड होतंय," मी मराठीत म्हणालो. "मराठीत बोललात तरी चालेल. नंतर भाषांतर होईल."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. क्षणभर चेहरा सैल झाला, मग पुन्हा घट्ट.

"औषध माझ्या नावावर होतं. मी दिलं. गुन्हा माझा. पुढे लिहा."

"कुणाला दिलंत?"

"ते मी सांगणार नाही."

"किती पैसे घेतलेत?"

"पैसे?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही मला काय समजलात?"

खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, तपशील पुरवत बसतो. हे गृहस्थ एकेक वाक्य बोलून गप्प होत होते. मी विचारायचे थांबवले आणि त्यांच्याकडे नीट पाहू लागलो. बाहेर बर्फ पडलेला, आणि उजव्या पायातल्या बुटाची नाडी पूर्ण सोडलेली. चालतानाही ते तो पाय जपून टाकत होते.

"पायाला काय झालंय?"

"काही नाही. बूट चावतो."

मी गुडघ्यावर बसलो आणि त्यांची परवानगी घेऊन बूट काढला. मोज्यावर डाग होता, अंगठा काळसर पडला होता. माझ्या आईला मधुमेह होता. अशी जखम कधी होते, ते मी घरात पाहिले होते.

"सर, तुम्ही स्वतः इन्सुलिन घेता का?"

त्यांनी नजर फिरवली. "निम्मं घेतो."

तपासाची दिशा तिथेच बदलली. ते स्वतः अर्धेच घेत होते, म्हणून साखर वाढत होती. साखर वाढली की डॉक्टर डोस वाढवत होते, आणि वाढलेला डोसही त्या तरुणीकडे जात होता. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

ती यायच्या आतच पुढच्या काउंटरवर गलका झाला. ती तरुणी आली होती. प्राध्यापकांना आम्ही अडवलेले तिने फेरीतून पाहिले होते. पलीकडे उतरून ती परतीच्या फेरीने माघारी आली होती. पिशवी काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "हे घ्या. औषध माझ्यासाठीच होतं. काकांना सोडा."

तिलाही तिचे हक्क सांगून मी समोर बसवले. तिला लहानपणापासून मधुमेह. तिच्यासारखीला इन्सुलिनशिवाय जगता येत नाही. एका वृद्धाश्रमात ती कामाला होती. प्राध्यापकांच्या पत्नीची अखेरची शुश्रूषा तिनेच केली होती. पुढे नोकरी गेली आणि नोकरीबरोबर मिळणारा औषधांचा विमाही गेला.

"प्रांत सरकारची सगळ्यांसाठी औषध योजना आहे ना? अप्लाय का नाही केलंस?"

"माझी पीआरची, इथे कायम राहण्याच्या परवानगीची फाइल चालू आहे, अंकल. आजार रेकॉर्डवर आला की परत पाठवतात, असं सगळे म्हणतात. मी डोस पुरवून पुरवून घेत होते. काकूंच्या वर्षश्राद्धाला काकांकडे गेले तेव्हा चक्कर येऊन पडले. तेव्हापासून ते म्हणायला लागले, माझंच वापर, आपलं दोघांचं इन्सुलिन सारखंच आहे. मला वाटलं, त्यांच्याकडे जास्तीचं असतं."

"जास्तीचं नव्हतं," मी म्हणालो आणि पायाचे सांगितले.

ती रडली नाही. उठून तडक आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि काचेतून त्यांच्यावर ओरडली, "काका, खोटं बोललात माझ्याशी! तुम्हाला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

प्राध्यापक आतून म्हणाले, "अगं, मी चालून, पथ्य करून भागवलं असतं. तुझं एक दिवसही भागलं नसतं."

हॉस्पिटलात त्यांचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. तिथल्याच समाजसेविकेने तिला एका वकील बाईंकडे पाठवले. एवढ्याशा खर्चाच्या औषधासाठी पीआरचा अर्ज फेटाळला जाईल ही भीती निराधार आहे, आजार लपवण्यातच खरा धोका आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. तिने प्रांताच्या योजनेत नाव घातले आणि औषध तिच्या स्वतःच्या नावावर सुरू झाले.

मी अहवालात सगळे लिहिले, गुन्हाही आणि पायही. वरिष्ठांनी समज देऊन प्रकरण मिटवायला मान्यता दिली. वृद्धांच्या योजनेच्या कार्यालयाने दंड माफ केला, मात्र तिला दिलेल्या औषधाची किंमत भरून घेतली. मी ते सांगायला गेलो तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सवलत मला होती, वाटायला नव्हती."

फसवणुकीच्या प्रकरणात आम्ही पहिला प्रश्न विचारतो, फायदा कुणाचा झाला? या प्रकरणानंतर मी आणखी एक विचारू लागलो, झळ कुणी सोसली? पुढे काही चौकशांत त्या प्रश्नाने मला लबाड माणसे पकडून दिली, आणि काही वेळा घाबरलेली माणसे वाचवली. घाबरलेला माणूस आणि लबाड माणूस पहिल्या भेटीत सारखेच दिसतात. दोघेही लपवतात.

त्यानंतर एकदा मी प्राध्यापकांच्या घरी गेलो. ती घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होती आणि ते काठी टेकत दारात उभे राहून तिला टोपी घालायला सांगत होते. ती ऐकत नव्हती. शेवटी ते स्वतःच पायऱ्या उतरू लागले, तशी ती फावडे टाकून धावली.

"जागचे हलू नका, काका," ती म्हणाली, आणि टोपी घातली.