कात्रीनं कापलेली ओळ

अंबडच्या एका खासगी दवाखान्यात मी कागदपत्रं टाइप करतो. तिथल्या सिस्टर पेनाचं टोपण दातात धरूनच बोलतात. गर्भपाताच्या संमतीपत्राखाली ‘पतीची सही’ अशी एक ओळ आहे. ड्रेसिंगच्या कात्रीनं तेवढी पट्टी कापल्याशिवाय सिस्टर फॉर्म कुणाला देत नाहीत.

परवा एक सासू भडकली, “मंग माझ्या पोराची सही कुठं घेता?”

“लागतच न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “सून सज्ञान हाय. पोट तिचं, सही तिची. कायदा बराबर एवढंच म्हणतो.”

सून एकेक अक्षर जुळवत नाव लिहीत होती. सिस्टर टोपण दातात धरून थांबल्या.

ती ओळ मीच टाइप केली होती, कायदा न वाचता, आणि फॉर्मचा गठ्ठा छापूनही झाला होता. कापलेल्या पट्ट्या सिस्टर रोज माझ्याच टेबलावर आणून ठेवतात.