नकाशा कुणाचा

त्या चैत्रात आमच्या गावाच्या पांदीत एका अनोळखी माणसाचं प्रेत दोन दिवस पडून होतं. कुणी हात लावायला तयार नव्हतं. हात लावला तर "हा तुमचा कोण?" असं विचारलं जाणार होतं. त्याच दोन दिवसांत मी माडीवर बसून हनीमूनचा नकाशा काढत होते.

आमचं गाव सेनगावच्या बाजूला, पैनगंगेपासून दोन-तीन कोसांवर. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र झालेला हिंदुस्थान. पलीकडून लढणारी पोरं नदी ओलांडून येत, एखादी चौकी पेटवून परत जात, आणि त्याचा सूड आमच्या गावांवर निघे. सूड घ्यायला येणाऱ्या हत्यारबंद टोळीचं नाव कुणी घेत नसे. नुसतं "ते आले" म्हणत. ते आले की कडब्याच्या गंजी जळत, दारं फुटत, आणि गेल्यावर कुणाच्या घरातून रडणं येतंय ते कान देऊन ऐकावं लागे.

मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. शहरात गडबड वाढली तेव्हा वडिलांनी मला घरी आणलं. गावात मला धड बोलता येत नसे. माझं मराठी पुस्तकी, म्हणून बायका हसत. मग मी बोलणंच टाकलं आणि बघत बसू लागले.

लग्न ठरलं होतं. मुलगा नांदेडकडचा, राजपुतान्यात जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला. वैशाखातलं लग्न या धामधुमीमुळे मार्गशीर्षावर गेलं. तो वडिलांना मराठीत पत्र लिही आणि त्यातच माझ्यासाठी इंग्रजीत एक चिठ्ठी घाली. घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं. "इंग्रजी इसरू नको म्हनून धाडतो म्हने," असं म्हणत वडील ती माझ्या हातात देत. चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की लग्नानंतर आपण दहा दिवस वाळवंटात राहू. शेवटच्या गावापासून उंटाने दोन दिवसांची वाट, तिथे एक तंबू, आणि आसपास एकही माणूस नाही. तुला काय काय हवं ते तू ठरव, असंही लिहिलं होतं. एकही माणूस नाही, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवसांत माझ्यासाठी त्याहून गोड काही नव्हतं.

पण उत्तर कसं धाडायचं? लग्नाआधी मुलीने नवऱ्यामुलाला लिहिणं आमच्यात बसत नव्हतं. शिवाय इकडच्या टपालातली पाकिटं फोडलेली असत.

गावाबाहेरच्या तांड्यावर एक म्हातारा होता. सगळे त्याला बाबा म्हणत. तो बैल घेऊन वऱ्हाडातल्या बाजाराला जाई. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. त्यांचा मूळ मुलूख मारवाड, आणि लहानपणी बापाबरोबर तो स्वतः तिकडे एकदा जाऊन आला होता. आमच्या बैलाचा पाय बघायला आला तेव्हा मी त्याला गोठ्यात गाठलं आणि वाळवंटाबद्दल विचारलं.

"किती बैल नेणार, माय?" त्याने विचारलं.

"बैल नाही बाबा. उंट."

"आन् माल काय भरणार?"

"माल नाही. नुसतं राहायचं."

"नुसतं? दोघंच? धा रोज?" तो दात नसलेल्या तोंडाने हसला. "मंग भांडण लागलं तर सोडवाया कोन येईल?"

तरी त्याने सगळं सांगितलं. तंबू खोलगट जागी लावायचा नाही. पाण्याच्या पखाली सावलीला वाळूत अर्ध्या पुरायच्या. विहीर सापडत नसेल तर शेळ्यांच्या पावलांमागे जायचं. मी ते सगळं कागदावर उतरवलं. विहिरींना गोल, तंबूला त्रिकोण, उंटाच्या वाटेला तुटक रेघ. शेवटच्या गावापुढे एक जाड आडवी रेघ ओढली, कारण तिच्या पलीकडे माणसं संपत होती. बाजूला इंग्रजीत होणाऱ्या नवऱ्याला उद्देशून मजकूर लिहिला. लाजेने सही केली नाही. पाकीट आणि तिकीट बाबा नदीपलीकडे घेणार होता. पत्ता मी त्याच्याकडून पाठ करून घेतला, तो तिथे कुणाकडून तरी लिहून घ्यायचा होता. कागदाची घडी त्याने पागोट्यात खोचली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले आणि त्यांनी बाबाला गावात आणलं. नदी ओलांडायच्या उतारावर झडती झाली होती.

मारुतीच्या देवळासमोर एक बैलबंडी सोडलेली होती. त्याला तिच्या चाकाला बांधलं आणि सगळ्या गावाला जमवलं. पुरुष समोर बसवले, आम्ही बायका घराच्या दारांत उभ्या. त्यांचा म्होरक्या तिशीचा असेल. त्याच्या हातात माझा कागद होता. त्याने तो उभा धरला, आडवा धरला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण तंबू कळत होता, पाणी कळत होतं, आणि ती जाड रेघ त्याला सरहद्द वाटली. तशा कागदावर त्या दिवसांत दुसरं काय असणार?

"पार के लोगां का नक्शा है. किसने बनाया?"

"वाटंत सापडला, सरकार," बाबा म्हणाला. "तंबाखू बांधाया घेतला."

बाभळीच्या फोकांनी मारायला सुरुवात झाली. फोक मोडला की दुसरा घेत. पाठ फाटली तरी तो तेच सांगत राहिला. वाटेत सापडला. मग त्यांनी त्याचा उजवा हात चाकाच्या लोखंडी धावेवर ठेवून दोघांनी धरला आणि तिसऱ्याने बंदुकीचा दस्ता उचलला.

आई माझ्या शेजारी होती. तिने कागद ओळखला होता, माझ्या वहीचाच होता. तिने माझं मनगट धरलं. "गप," ती म्हणाली. "तू न्हाईसच इथं."

दस्ता खाली आला. पहिल्यांदा अंगठ्यावर, मग बोटांवर. हाडाचा आवाज ऐकू आला. मी गप्प राहिले. मला मरणाची भीती वाटत नव्हती. त्या कागदावर काय लिहिलंय ते वडिलांसमोर, भावासमोर, अख्ख्या गावासमोर सांगावं लागेल याची वाटत होती. असल्या भीतीने माणसाची बोटं मोडताना बघत राहता येतं, हे मी तिथे उभी राहून शिकले. सगळा हात मोडेपर्यंत मी थांबले. मग मनगट सोडवून पुढे गेले.

"वो मेरा है," मी म्हणाले. हैदराबादेत राहिल्याने ती बोली मला येत होती.

म्होरक्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पढ."

मी शादीनंतर फिरायला जायच्या जागेचा नकाशा आहे असं सांगितलं. ते हसले. "पढ, पूरा पढ. सबको सुना."

मी वाचलं. एक एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मग त्यांच्या बोलीत सांगायची. तंबू एकच आणावा. आचारी नको, मी स्वयंपाक करीन. मला दहा दिवस तुमच्याखेरीज कुणाचा आवाज ऐकायचा नाही. इथे त्यांच्यातला एक जण शिट्टी वाजवून म्हणाला, "दूल्हा गूंगा निकला तो?" आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांपैकीही कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मी पाहिलं. वडील जमिनीकडे बघत होते.

म्होरक्याची खात्री पटली. त्याने कागद माझ्या पायाशी टाकला. मला वाटलं, सुटलो.

मग तो बाबाकडे वळला. "तू तो बोला, रास्ते में मिला. झूट बोला ना?"

आणि त्यांनी त्याचा डावा हात धावेवर ठेवला.

ते गेल्यावर पुरुषांनी बाबाला सोडवून घोंगडीत घातलं आणि तांड्यावर नेलं. घरात शिरताच वडिलांनी खुंटीवरचा बैलाचा कासरा काढला. तोपर्यंत त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. मारताना ते एकच म्हणत होते, "गावापुढं वाचून दाखवलंस? गावापुढं?" भाऊ मध्ये पडला तर त्यालाही दोन बसले. आई चुलीपाशी बसून होती, ती उठली नाही. म्हाताऱ्याच्या हातांविषयी आमच्या घरात त्या दिवशी कुणी एक शब्द काढला नाही.

पाचव्या दिवशी, चालता येऊ लागलं तेव्हा, मी तांड्यावर गेले. बाबा झोपडीसमोर बाजेवर होता. दोन्ही हातांना हळद आणि चुन्याचा लेप लावून फडकी गुंडाळली होती. त्याची बायको त्याला कण्या भरवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भरवणं थांबवलं नाही.

"मी उशीर केला," मी म्हणाले.

"व्हय. केलास." तिने त्याचं तोंड पुसलं. "उजवा हात उशिरानं गेला. डावा काहून गेला, ठावं हाय का?"

तिने त्याला आणखी एक घास भरवला.

"तुला म्हनता आलं न्हाई का, कागद माझा, पन वाटंत पडला? तो बी तेच म्हनून राहिला होता. दोघांचं बराबर जुळलं असतं. इतकी शाळा शिकलीस, आन् एवढं सुचलं न्हाई?"

हे मला खरंच सुचलं नव्हतं. तोंड उघडायचं तर खरं बोलायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरं बोलताना म्हाताऱ्याने माझ्यासाठी काय सांगितलंय इकडे मी लक्षच दिलं नाही.

"आता मी जाणार नाही तिकडे," मी म्हणाले. "त्यांना तसं कळवते."

तिने वाटी खाली ठेवली. "कुठं जानार न्हाईस? त्या वाळूत?"

"हो."

"वा गं वा! याचे हात गेले, आन् बाई घरी बसनार. मंग कशापायी मोडून घेतले यानं? सांग की." तिचा आवाज चढला, शेजारच्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली. "जायचं. गेलंच पाहिजे. रडत जा, न्हाईतर हासत जा, पन जा."

बाबा जागा होता. तो जा म्हणाला नाही आणि नकोही म्हणाला नाही. मी तिला जाईन म्हणून सांगितलं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. मार्गशीर्षात लग्न झालं, आणि पौषात आम्ही निघालो. चाकाशी काय झालं ते मी नवऱ्याला आगगाडी सुटल्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याने तिकिटं परत केली असती.