हिमनदीचा पूर्वपक्ष

वलवणला आमच्या शेजारी एक निवृत्त भूशास्त्रज्ञ राहतात. हिमालयातील एक दरी नदीने नव्हे, हिमनदीने कोरली, हे ते डेहराडूनच्या एका अभ्यासकांना कित्येक वर्षे पत्रांतून पटवीत होते. प्रत्येक पत्रात ते आधी प्रतिपक्षाचे म्हणणे इतक्या निष्ठेने मांडीत, की मला पाठशाळेतला पूर्वपक्ष आठवे.

परवा उत्तर आले: “बर्फासोबत सरकलेल्या दगडांचे ओरखडे मी स्वतः पाहिले. दरी हिमनदीचीच.”

त्यांनी ते उभ्यानेच तीनदा वाचले. मी नैवेद्याचा गूळ पुढे केला.

“जिंकलात.”

“शास्त्रीबुवा, आता त्यांची बाजू मांडायला कोणी उरलं नाही. ती मलाच सांभाळायला हवी.”

आणि गूळ चघळत, हसत, त्यांनी नव्या कागदावर स्वतःविरुद्धची पहिली शंका लिहिली.