पिनवाली

गालिचे धुणारे तिला तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे पिनवाली. म्हणेनात का! काम कुठलंही असो, ही बाई आधी मशीन उतरवायचीच नाही. टेस्टर घेऊन सॉकेटपाशी जायची, अर्थिंग आहे का बघायची आणि नसेल तर आल्या पावली परत फिरायची. मग गिऱ्हाईक म्हणायचं, बाईला कामापेक्षा नखरे जास्त.

त्या धंद्यात रीतच होती तशी. जुन्या इमारतींत सॉकेट दोन भोकांचे, म्हणून नवं मशीन आलं की पहिल्याच दिवशी पकडीने प्लगची तिसरी, जाड पिन पिरगळून काढायची. मग प्लग कुठेही बसतो. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट तेवढीच, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? हाताला मुंग्या आल्या की 'आज मशीन लाडात आलंय' म्हणून दात काढायचे. तिचा नवराही त्यातलाच. पायात रबरी बूट आहेत ना, मग कशाला घाबरायचं? एका कचेरीत सोफ्याखालचा डाग घासायला तो चिंब गालिच्यावर गुडघे टेकून बसला, एक हात मशीनच्या लोखंडी दांड्यावर. तिथून उठलाच नाही.

पुढे तिने धाकट्या दिराला हाताशी धरून काम चालवलं. नव्या मशीनच्या पिनेला हात लावायचा नाही, एवढं एकच तिने त्याला बजावलं होतं. तो हो ला हो करायचा.

मग एका मोठ्या सभागृहाचं वर्षभराचं काम चालून आलं. सॉकेट तसलेच. आधी अर्थिंग करून घ्या, मग बोलवा, असं सांगून ती निघाली. दीर मान डोलावत तिच्या मागोमाग बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी ती नणंदेकडे गेली आणि इकडे हा पठ्ठ्या मशीन घेऊन सभागृहात हजर! संध्याकाळी शीळ घालत घरी आला.

"बघा वहिनी, झालं का मला काही?"

ती प्लगकडे बघत होती. दोनच पिना.

"ह्यांनाही काही होत नव्हतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं रोज काहीच झालं नाही. एक दिवस सोडला तर."

तिने पक्कड उचलली आणि मशीनची वायर बुडापासून तोडली. सासू पदर खोचून उभी राहिली. एक लेक गेला, आता दुसऱ्याच्या पोटावर पाय देतेस का, म्हणाली. सख्खी आई ती!

दिराने वेगळं बिऱ्हाड केलं, स्वतःचं मशीन घेतलं. काम जोरात चाललं, जुनी गिऱ्हाइकंही त्याच्याकडेच गेली. पिनवाली लोकांच्या पायऱ्या ब्रशने घासू लागली.

एक दिवस तो तिच्या दारात आला. म्हणाला, दादाचे रबरी बूट असतील तर द्या, म्हणजे तुमच्याही जिवाला घोर नको. तिने माळ्यावरून बूट काढले, फडक्याने पुसले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"न्या भाऊजी. त्या दिवशी पायात हेच होते."

त्याने खाली बसून बूट पायात घालून पाहिले. मापाचे निघाले. तो ते घालूनच कामावर गेला.