बेवारस सोनाटा

आधीच सांगते, मी खामगावला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. अंगात येणं, भानामती असल्या गोष्टींवरून वर्गात पोरांची भरपूर खेचलेली आहे. त्यामुळे हे सांगताना माझी मलाच लाज वाटतेय... पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे.

आमची सई सहावीत आहे. पुण्याच्या एका सरांकडे ऑनलाइन पियानो शिकायची — पियानो कसला, साधा इलेक्ट्रिक कीबोर्ड. सरांनी तिला एक जुना सोनाटा दिला, म्हणजे पियानोवर एकट्यानं वाजवायची मोठी रचना. वर एका बड्या युरोपियन संगीतकाराचं नाव छापलेलं. "पण ताई, हा त्याचा नाहीच म्हणतात," सर म्हणाले. "खरा कोणाचा, ते अजून कोणालाच ठाऊक नाही."

दिवाळीनंतर माझी नणंद सोनाळ्याहून आली होती. दुपारी चहा चालू असताना सईनं तिला तो वाजवून दाखवला.

"कोनाचं हाय वं हे?" तिनं विचारलं.

आमच्या ह्यांना बढाई मारायला निमित्त लागत नाही. "कोनाचंच नाही म्हन्ते तिचे सर. मंग आपल्या पोरीचंच समज!"

"हाव, माहंच हाय," सई हसत म्हणाली.

"दादा, बेवारस वस्तूले आपली म्हनू नये," नणंद एकदम गंभीर झाली. मी हसले. खरंच हसले.

सईनं पुन्हा सुरुवात केली. शेवटचं पान संपलं... ती थांबेना. छापलेल्याच्या पुढचं काहीतरी वाजत होतं, त्याच वळणाचं. तेवढ्यात लाइट गेली. आवाज बंद — बोटं चालूच. मुक्या पट्ट्यांची नुसती खटखट.

"सई, पुरे."

"आई, मी नाही करून राह्यली! माहे हात धर ना..."

ती रडायला लागली. ह्यांनी तिला उचलून घेतलं, तर बोटं त्यांच्या पाठीवर चालू.

डॉक्टर म्हणाले, ताण आहे. औषधानं झोपायची तेवढाच आराम. जाग आली की बोटं पुन्हा चालू, ताटाच्या काठावर, गादीवर, स्वतःच्याच मांडीवर. बोटं सुजली. घास भरवावा लागायचा. "माहं नाही, माहं नाही" असं म्हणूनही पाहिलं तिनं. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी तिच्या नखांतून रक्त आलं आणि माझं डोकं फिरलं. तिचे दोन्ही हात दाबून धरले नि ओरडले, "तिचं नाही, माझं आहे ते! माझं!"

हात थांबले. तिथल्या तिथे. पोर माझ्या कुशीत गाढ झोपली.

आता ती बरी आहे, सायकलवर शाळेत जाते. कीबोर्ड माळ्यावर टाकलाय. परवा मी कणीक मळत होते, तर ती दारातून म्हणाली, "आई, तू हे कवा शिकली वं?"

मी खाली पाहिलं. परातीच्या काठावर माझी बोटं... मी जन्मात कधी पियानोला हात लावलेला नाही.

सायकॉलॉजी शिकवणाऱ्या मैत्रिणीनं मला बरंच समजावलं. पटावं असं फार वाटतं. पण न छापलेला भाग माझ्या बोटांना कसा येतो, हे तिलाही सांगता आलं नाही. हे सगळं मी मोबाइलवर बोलून टाईप करतेय. हात मोकळे नाहीत.

काल सई हळूच जवळ आली. "आई, मी म्हनू का पुन्हा, माहं हाय म्हनून?"

मी घाईनं तिचं तोंड दाबलं. तिच्या गालावरही माझी बोटं वाजवतच होती.