शनिवारची पपई

बातमी दुपारी आली. दत्तू कार्यालयात शिरला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि वहीच्या पानाचा अर्धा तुकडा पुढे ठेवून म्हणाला, "एवढं छापून दे." दत्तू माझा जुना खोलीसोबती, आता पेठ वडगावच्या शाळेत शिक्षक आहे. तुकड्यावर लिहिलं होतं, राजारामपुरीत राहणाऱ्या हौसाबाई यांचे आज पहाटे निधन झाले. पुढे काही नव्हतं. निधनवार्तेला वय लागतं, गाव लागतं, व्यवसाय लागतो, मागे कोण कोण आहे ते लागतं. वय दत्तूला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मागे कोणी नव्हतं. व्यवसाय काय लिहायचा, असं विचारल्यावर दत्तूने तो तुकडा माझ्याकडेच सरकवला. मग म्हणाला, "ते तूच लिव्ह की. तुला ठावं हाय." मी लिहिलं, 'त्या काही वर्षे विद्यार्थ्यांची खानावळ चालवीत असत.' चार ओळी झाल्या. त्यांत चूक काही नव्हती. ती खानावळ बंद का पडली, हे मात्र चार ओळींत बसणारं नव्हतं. आज सहा आठवड्यांनी ते लिहीत आहे.

कोल्हापूर संस्थान विलीन होण्याच्या सुमारास मी या वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून लागलो. राजारामपुरीत दत्तूबरोबर एका खोलीत राहत होतो. तो तेव्हा कॉलेजात होता. माझं जेवण म्हणजे चहा, पाव, कधी मिसळ, कधी कागदावरची भजी. सहा महिन्यांत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तोंड कायम आलेलं असायचं आणि प्रुफं वाचता वाचता दुपारी डोळे मिटायचे. दत्तू जेवायला हौसाक्कांकडे जात असे. एक दिवस त्याने मला ओढतच नेलं. चुलीपुढे बसलेल्या, कपाळावर हिरवं गोंदण असलेल्या बाईंनी वर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तोंड उघड बघू." मी उघडलं. त्या दत्तूला म्हणाल्या, "ह्याला कुठनं उचलून आणलास? घोडा इकत घेताना दात बघत्यात. ह्याला कोण फुकट न्हाय घेणार."

त्यांच्याकडे ताटाआधी पपईची फोड मिळायची. फोड संपल्याशिवाय ताट पुढे यायचं नाही. मग ज्वारीची भाकरी, मोडाचे हुलगे किंवा मटकी, रोज एक पालेभाजी, कारळ्याची चटणी, ताक, आणि शेवटी हातसडीचा भात. हा भात तांबूस असायचा, चावून खावा लागायचा. शहरातल्या इतर खानावळींत पांढरा भात आणि बटाट्याचा रस्सा मिळे, त्यामुळे नवीन पोरं पहिले पंधरा दिवस कुरकुरत. एकजण एकदा म्हणाला, "आक्का, रोज पाला घालतीस. आम्ही काय म्हशी हाय व्हय?" आक्का म्हणाल्या, "म्हस दूध तरी देती. तू काय देतोस सांग की." रविवारी मटण असे. त्या दिवशीही पपई चुकत नसे.

मागच्या परड्यात त्यांनी चार पपया, एक शेवगा, एक लिंबू आणि एक पेरू लावला होता. मोरीचं पाणी चर काढून झाडांकडे वळवलेलं होतं. पोरांनी हात धुवायचे ते पेरूच्या आळ्यातच, असा नियम होता. चार महिन्यांनी माझ्या हिरड्यांतलं रक्त थांबलं. हे पपईनं झालं, पालेभाजीनं झालं की नुसतं वेळेवर जेवल्यानं झालं, हे मला सांगता येणार नाही. आक्कांनीही कधी सांगितलं नाही. "मी काय डाक्टर न्हाय," त्या म्हणत. "मी घालतो तेवढं खा." आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'घालतो', 'जातो' असंच बोलत.

त्यांनी खानावळ का काढली, ते दत्तूकडून कळलं. दत्तू त्यांच्याच गावचा. आक्कांचा एकुलता मुलगा बापू शिकायला कोल्हापुरात राहिला होता. दोन वर्षं बाहेर मिळेल ते खाल्लं. तापाने आजारी पडला आणि आठ दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले होते, ताप मोठा नव्हता, अंगात ताकद नव्हती. आक्कांनी वडगावातलं घर भाच्याच्या हवाली केलं आणि राजारामपुरीत हे घर भाड्याने घेतलं. बापूबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, उखळात मुसळ चालू असताना. "माझ्या पोराला कोण इचारलं न्हाय, जेवलास काय म्हणून…" एवढं बोलून पुन्हा मुसळ उचललं.

दिवस धान्यनियंत्रणाचे होते. पोरांची रेशनकार्डं आक्कांकडे जमा असत. कार्डांवर मिळे तो गिरणीचा पांढरा तांदूळ, आणि आक्का तो शिजवीत नसत. गडमुडशिंगीचे ज्ञानूअण्णा म्हणून एक शेतकरी होते, त्यांच्या घरच्या साळीशी, म्हणजे टरफलासकटच्या भाताशी, त्या तो बदलून घेत. ज्ञानूअण्णांचे वडील म्हातारे, तोंडात दात नव्हता. त्यांना मऊ भात लागे. महिन्यातून एकदा अण्णांची बैलगाडी मागच्या दाराशी थांबे. साळीचं पोतं उतरे, पांढऱ्या तांदळाचं चढे. साळ घरीच सडायची, कोंडा फार झाडायचा नाही. या व्यवहारात लपवाछपवी नव्हती. सगळी गल्ली बघत असे.

त्याच वर्षी संपादकांनी सांगितलं की रेशनच्या धान्यातही सकस जेवण कसं करता येतं, यावर काहीतरी लिहा. मला दूर जायची गरज नव्हती. आक्कांना विचारलं तर त्या हरखल्या. "लिव्ह की. नाव घाल माझं. ज्ञानूअण्णाचंबी घाल, तेच्या साळीबिगर भात कसला?" मी लिहिलं. कोण, काय, कुठे, कसं, यातलं काही सुटू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. काही सुटलं नाही. पपई आली, हुलगे आले, मोरीचं पाणी आलं, पोरांची तब्येत आली. पांढरा तांदूळ कोणाला जातो आणि साळ कोठून येते, तेही आलं. रेशनचं धान्य परस्पर देणं-घेणं हा गुन्हा आहे, अशी पुरवठा खात्याची जाहिरात त्याच अंकात तिसऱ्या पानावर होती. तिचं प्रूफ मीच तपासलं होतं. दोन्ही मजकूर एका दुपारी माझ्या टेबलावर होते. मी दोन्हींतलं शुद्धलेखन बघितलं.

चौथ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना एक गृहस्थ दारात आले. आक्का म्हणाल्या, "या पावणं, बसा. जेवूनच जावा." आणि त्यांच्यापुढे पपईची फोड ठेवली. गृहस्थांनी खिशातून कात्रण काढलं. "हे तुमचंच का?"

"माझंच की," आक्का म्हणाल्या. "ह्या पोरानं लिवलंय. बघा, आळ्यासकट लिवलंय."

"यातलं सगळं खरं आहे?"

"मग? खोटं छापत्यात व्हय?"

गृहस्थ पुरवठा खात्याचे इन्स्पेक्टर होते. ते आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी कोठीची खोली उघडायला सांगितली, साळीची दोन पोती बघितली आणि पंचनामा लिहायला बसले. मी मध्ये काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंयच की, साहेब. आता आणखी काय सांगणार?" त्यांनी फोडीला हात लावला नाही. पंचनामा होईपर्यंत ती त्यांच्यासमोर तशीच होती आणि आक्का तिच्याकडे बघत होत्या.

साळ गेली. पोरांची कार्डं परत गेली. ज्ञानूअण्णांना ऐन सुगीत कोर्टाच्या फेऱ्या कराव्या लागल्या. त्यांनी आक्कांशी बोलणं सोडलं नाही, पण गाडी पुन्हा मागच्या दाराशी आली नाही. आक्कांना कोर्टाने समज देऊन सोडलं. खानावळीचा रद्द झालेला परवाना मात्र परत मिळाला नाही. मी संपादकांचं पत्र घेऊन खात्यात तीनदा गेलो. प्रत्येक वेळी माझाच लेख फायलीत वर लावलेला दिसला. पोरं दोन आठवड्यांत पांगली. कोणी स्टेशनजवळच्या खानावळीत गेलं, कोणी परत चहा-पावावर आलं. घरमालकाला घर हवं होतं. आक्का गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायला गेल्या. पपईचं बी त्यांनी राखेत घोळून बरोबर नेलं. पेरू नेता येण्यासारखा नव्हता. त्याला त्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं.

मी त्यांच्या नव्या खोलीवर गेलो तेव्हा त्या खिडकीखालच्या हातभर जमिनीत आळं करीत होत्या. आक्का, माझी चूक झाली, असं मी म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी वाचून घेतलो दत्तूकडनं. दोनदा. तू लिवलास त्यात चूक एकबी न्हाय." आळ्याची माती दाबत म्हणाल्या, "म्हणूनच झालं की रं ते."

मला वाटलं, यापुढे त्या दार उघडणार नाहीत. पण वर्षभराने, शनिवारी, शेजारची बाई बाजाराला जाताना माझ्या टेबलावर एक पपई ठेवून गेली. आमच्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पुढच्या शनिवारी पुन्हा. बहर नसेल तेव्हा विकतची लिंबं किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी येई. निरोप कधी नसे. मी अधूनमधून खोलीवर जाई; त्या बसायला सांगत, तब्येत विचारत, गल्लीतल्या पोरांना फोडी कापून देत. खानावळीचा विषय निघत नसे. पुढे नियंत्रण उठलं. परवान्याची अडचण राहिली नाही, तेव्हा मीच विचारलं, आक्का, पुन्हा सुरू करायची? त्या हसल्या. "हात कुठं उचलतोय आता मुसळाला? आन् पोरांस्नी इचार, तांबडा भात कोण खाईल. रेशन संपलं म्हणून समदी पांढऱ्यावर तुटून पडल्यात."

ती पपई म्हणजे क्षमा होती की आठवण करून देणं होतं, हे मी कित्येक वर्षं ठरवू शकलो नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. खोटं कशाला सांगू, काही शनिवारी ती गुंडाळी मी संध्याकाळपर्यंत सोडतही नसे.

या हिवाळ्यात त्यांच्या पायांना सूज आली. शेवटची भेट इस्पितळात झाली. दत्तू बाजूला बसला होता. पेज आली, ती पांढऱ्या तांदळाची, गाळलेली. मी दत्तूकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आक्कांनी त्यातले चार चमचे घेतले. पाचव्याला हाताने नको म्हटलं. मग माझ्याकडे वळून ओठांशी बोट नेलं. मला वाटलं पाणी हवं आहे. मी पेला पुढे केला, तर त्यांनी मान हलवली… दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, दत्तूने खोली उघडली. सामान थोडं होतं. उखळ कोपऱ्यात पालथं घातलेलं, त्यावर मुसळ आडवं. फळीवर गवतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पपई होती. इस्पितळात नेण्याआधी उतरवून ठेवलेली. खोलीभर तिचा वास होता. मी कागद सोडला. तिसरं पान होतं, मी तपासलेलं. सवयीने डोळे मजकुरावर गेले. दुसऱ्या रकान्यात एक चूक राहिली होती.

"ही तुझी," दत्तू म्हणाला. मी म्हणालो, तुला कसं ठाऊक? तो म्हणाला, "शनवारची हाय. मी एकदा इचारलो हुतो तिला. म्हणलं, त्याला कशाला देतीस आक्का? त्यानं तुझी चूल इझिवली. तर म्हणाली, 'त्याच्या हिरड्या कच्च्या हायत. आता कोण बघतंय, खातोय का न्हाय ते.'"

एवढंच होतं. इतकी वर्षं मी त्या फळात निकाल शोधत होतो, आणि इस्पितळात त्यांनी ओठांशी नेलेलं बोट मला पाणी मागणं वाटलं. त्या तोंड उघड म्हणत होत्या.

त्या जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. पेरूचं झाड भिंतीवरून दिसतं. मोरीचा चर बुजवलेला आहे, तरी झाड तग धरून आहे. त्या शेवटच्या पपईचं बी मी राखेत घोळून वाळवलं आणि माझ्या खोलीमागे लावलं. तीन रोपं उगवली आहेत, अजून वीतभरच आहेत. तोवर शनिवारी मंडईतून पपई आणतो, त्या दिवशीच्या अंकात गुंडाळून फळीवर ठेवतो आणि पिकली की जेवणाआधी एक फोड खातो. फोड संपेपर्यंत ताट वाढून घेत नाही.